डिशवॉशर पाणी गरम करत नाहीये, बोर्ड बदलण्याआधी काय काय तपासावं?

सांजवेळ | ६ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं बंद झालं तेव्हा घेतलेला १४ सेटचा डिशवॉशर आहे. कढया, कुकर, ताटं-वाट्या सगळं त्यात जातं आणि आजवर चकचकीत निघत होतं. गेले काही दिवस मात्र भांड्यांना तुपाचा ओशट हात लागतो. टॅब्लेटचा अर्धा तुकडा तिच्या कप्प्यात तसाच चिकटलेला असतो. प्रोग्राम संपल्यावर दार उघडलं की पूर्वी वाफ यायची, आता ताटं गारढोण. पाणी येतं, ते फवारणारे आतले पंखे फिरतात, पाणी बाहेरही जातं. स्क्रीनवर कुठलाही एरर नाही.

सर्व्हिसचा माणूस येऊन गेला. मशीन थोडा वेळ चालवून बघितलं आणि "मॅडम, बोर्ड गेलाय" म्हणाला. बोर्डाचं कोटेशन म्हणजे नव्या मशीनच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा. मीटर लावून काही तपासलंत का विचारलं, तर "अनुभवावरून कळतं" असं उत्तर मिळालं. नवीन बोर्ड बसवूनही पाणी गारच राहिलं तर तो परत घेत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं.

वॉरंटी संपलेली आहे. घरात मल्टिमीटर आहे, मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. तपासायचं तर कुठून सुरुवात करावी?

---

खाडीपलीकडे | ६ जानेवारी, रात्री १०:०५

सगळ्यात आधी कुठला प्रोग्राम लावताय ते सांगा. नुसत्या प्री-रिन्सला मशीन पाणी तापवतच नाही. इको साधारण ५० अंशांवर चालतो, काचेच्या भांड्यांचा ४० च्या आसपास, आणि कढईवाला इंटेन्सिव्ह ७० वर. लहान मुलं बटणं दाबतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

---

सांजवेळ | ६ जानेवारी, रात्री १०:१२

इंटेन्सिव्ह, ७० अंश. मुद्दाम तोच लावून बघितला.

---

जुनाफ्यूज | ७ जानेवारी, सकाळी ७:३०

सांजवेळताई, मी नाशिकला बरीच वर्षं घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत काढली आहेत. अजून मशीन उघडू नका. उघडण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: हीटर वीज खातोय की नाही?

आपल्याकडच्या डिशवॉशरचा हीटर साधारण १८०० ते २२०० वॅटचा असतो. बाकी सगळं, म्हणजे फिरणारा पंप, बोर्ड, व्हॉल्व्ह मिळून शंभरेक वॅट. हा फरक एवढा मोठा आहे की तो घराच्या वीजमीटरवर दिसतो.

मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या बाजूला एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. फ्रिज, गीझर, पंखे, इन्व्हर्टर सगळं बंद करा आणि फक्त डिशवॉशर चालू ठेवा. पहिलं धुणं बहुतेक मशिनींत गार पाण्याचंच असतं, ते होऊ द्या. टॅब्लेटच्या कप्प्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला की मुख्य धुणं सुरू झालं. त्यानंतर पाचेक मिनिटांनी खाली मीटररूममध्ये जाऊन एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरला प्रत्येक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट. हीटर चालू असेल तर मिनिटाला शंभराच्या वर जायला हव्यात, दिवा जवळजवळ थरथरताना दिसतो. नुसता पंप चालू असेल तर मिनिटाला चार-पाच.

मीटर नवीन असेल तर त्याच्या स्क्रीनवर चालू लोड थेट किलोवॅटमध्येही दिसू शकतो.

या एका मोजणीने अर्धी वाट संपते. वीज जात असेल आणि तरी पाणी गार असेल तर तपास वेगळ्या दिशेने. वीजच जात नसेल तर वेगळ्या.

---

कृष्णाकाठ | ७ जानेवारी, सकाळी ८:५०

आमच्याकडं सांगलीजवळ हाच त्रास होता आणि मशीन ठणठणीत निघालं. संध्याकाळचं व्होल्टेज १७५ पर्यंत उतरायचं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गात घटते. २३० च्या जागी १७५ आलं तर २००० वॅटचा हीटर साडेअकराशे वॅटच देतो. आमचं मशीन पाणी ठरल्या तापमानाला येईपर्यंत पुढं सरकत नाही, त्यामुळं प्रोग्राम कितीतरी लांबायचा. काही मशिनी ठरावीक वेळ वाट बघतात आणि गार पाण्यावरच पुढं जातात. रात्री अकरानंतर लावलं की भांडी झकास निघायची, त्यावरून ध्यानात आलं.

स्टॅबिलायझर घेणार असाल तर टीव्ही-फ्रिजचा छोटा चालत नाही, किमान ३ केव्हीएचा बघा.

---

सांजवेळ | ७ जानेवारी, दुपारी १:१५

आमच्याकडे व्होल्टेज सॉकेटला २२८ ते २३४ दिसतंय. मीटरचं आज संध्याकाळी करते.

---

नीरक्षीर | ७ जानेवारी, दुपारी २:०२

पाणी कुठलं आहे? सिंहगड रस्त्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं. जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, हीटर आतल्या आत जास्त तापतो आणि शेवटी जळतो किंवा त्याचं सुरक्षा कटआउट उडतं.

हे टीडीएसच्या पेनने कळत नाही. टीडीएस सगळ्या विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो, थर बसवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी हार्डनेसच्या पट्ट्या किंवा थेंब मोजायचं किट मिळतं. मशीनच्या पुस्तिकेत बरेचदा जर्मन अंशांत तक्ता असतो, एक जर्मन अंश म्हणजे १७.८ पीपीएम. आपल्या पाण्याचा आकडा त्याने भागून मशीनच्या सॉफ्टनरचं, म्हणजे मीठ वापरून पाणी मऊ करणाऱ्या भागाचं, सेटिंग करायचं. आणि मीठ डिशवॉशरचंच. खायच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले न विरघळणारे पदार्थ असतात, ते सॉफ्टनरच्या राळेत अडकतात.

---

मांडवीतीर | ७ जानेवारी, दुपारी ४:३०

आमच्या म्हापशाच्या घरी जेवण खोबरेल तेलात होतं. ते तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पाणी गार राहिलं की जाळीत लोण्यासारखा गोळा जमतो. जाळी काढून बघा. जाळी तुंबली की पंपाला पाणी पुरत नाही आणि हीटर लागतच नाही, असं आमच्या मेकॅनिकने दाखवलं होतं.

---

जुनाफ्यूज | ७ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

मांडवीतीर यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि लोक इथेच फसतात. पाणी पुरेशा दाबाने फिरतंय याची खात्री झाल्याशिवाय बोर्ड हीटरला वीज देत नाही. कोरडा हीटर लागला तर जळेल म्हणून ही सोय असते. काही मशिनींत त्यासाठी प्रेशर स्विच असतो, काहींत बोर्ड पंपाच्या मोटरच्या करंटवरून ओळखतो. म्हणजे हीटर, बोर्ड, सेन्सर सगळं धडधाकट असूनही पाणी गार राहू शकतं. याची नेहमीची कारणं अशी:

जाळी खरकट्याने किंवा चरबीने तुंबलेली असते. येणाऱ्या पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात टाकीतला गाळ बसतो. वरच्या मजल्याला पाण्याचा दाब नसतो. आणि चौथं, ज्याचा कोणी विचार करत नाही: फेस. टॅब्लेट संपली म्हणून एखाद्या दिवशी भांडी घासायचं साधं लिक्विड घातलं की आत फेसच फेस होतो. पंप पाण्याऐवजी फेस ओढतो, दाब बनत नाही, हीटर लागत नाही. भांडी आधी हाताने साबण लावून, तशीच न धुता आत ठेवली तरी हेच होतं.

पंखे फिरतानाचा आवाज ऐका. एकसारखा सपसप असेल तर पाणी पुरतंय. मध्येच खर्र करून आवाज चढ-उतार करत असेल तर पंप हवा ओढतोय.

---

खाडीपलीकडे | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:००

दाबाबद्दल माझा अनुभव. ठाण्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकी डोक्यावर म्हणजे पाणी जोरात येत असेल असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात उलट असतं. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार. आमच्या नळापासून टाकी तीनेक मीटर वर, म्हणजे जेमतेम ०.३ बार, आणि पुस्तिकेत किमान ०.५ मागितला होता. छोटा प्रेशर पंप बसवल्यावर सगळं सुरळीत झालं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर हा प्रश्न सहसा येत नाही.

---

सांजवेळ | ७ जानेवारी, रात्री ९:२०

मोजणी झाली. आम्ही सहापैकी दुसऱ्या मजल्यावर, नळाला दाब उत्तम. दोन्ही जाळ्या काढून धुतल्या. आवाज एकसारखा. साधं लिक्विड घरात कोणीच घातलेलं नाही.

मीटर ३२०० चाच आहे. मुख्य धुणं सुरू झाल्यावर मुलाने खाली उभं राहून मोजलं: मिनिटाला पाच. पुढचं मिनिट, त्याच्या पुढचं, पाचच. म्हणजे नव्वद-पंच्याण्णव वॅट. मध्येच दार उघडून तळाच्या पाण्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरला, २१ अंश.

---

जुनाफ्यूज | ८ जानेवारी, सकाळी ७:०५

उत्तम काम. हीटरला वीज जात नाहीये हे आता नक्की. व्होल्टेज, क्षारांचा पातळ थर, थंडीतलं गार पाणी हे सगळं बाद. आता राहिले चारच संशयित: हीटर स्वतः तुटलेला, त्याचं कटआउट उडालेलं, तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगतोय, किंवा बोर्डापासून हीटरपर्यंतच्या वाटेत खंड. बोर्डावरचा रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच, या शेवटच्या वाटेतच येतो.

आता मशीन उघडावं लागेल, म्हणून हे नीट वाचा. प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. हातात जाड मोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. मशीन आडवं करण्याआधी तळातलं पाणी कपड्याने टिपून घ्या. नाहीतर ते खालच्या ट्रेमध्ये सांडतं, तिथला फ्लोट उचलला जातो आणि मशीन गळती समजून पंप सुरू ठेवतं. लोकांना वाटतं नवाच बिघाड झाला. कुठलीही वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो.

वीज चालू असताना आत मीटरची टोकं लावायची नाहीत. हे मी कोणालाच सांगत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. बंद मशीनवर रोध मोजूनच सगळं कळतं.

हीटर: तुमच्या वयाच्या मशीनमध्ये तो बहुधा फिरणाऱ्या पंपाच्या आतच असतो. त्याच्या दोन जाड वायरी काढून दोन टोकांमध्ये मोजा. २००० वॅटला २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम यायला हवेत, १८०० ला २९, २२०० ला २४. अनंत दाखवलं तर हीटर किंवा कटआउट गेलं. मग प्रत्येक टोक आणि मशीनची बॉडी यांच्यात मोजा, तिथे मात्र अनंतच हवं.

सेन्सर: तळाशी दोन बारीक वायरींचा असतो. पुष्कळ मशिनींत २५ अंशांना १० किलोओहमच्या जवळ, काहींत ५० च्या जवळ. नेमक्या आकड्याच्या मागे लागू नका. गरम पाणी ओतल्यावर आकडा झपाझप खाली उतरला पाहिजे, एवढं बघा. सेन्सर तुटला की बोर्ड हीटर लावत नाही. शॉर्ट झाला की बोर्डाला वाटतं पाणी उकळतंय.

---

पानगळ | ८ जानेवारी, सकाळी ८:४५

न्यू जर्सीहून लिहितेय. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी हा धागा वाचून तपासायला लागलं तर वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. इथे १२० व्होल्ट. आमच्या मशीनमध्ये तळाशी उघडी वळलेली नळी दिसते, तोच हीटर, आणि त्याची ताकद भारतातल्या मशीनच्या निम्मीच. मुळात इथली बहुतेक मशिनी गरम पाण्याच्या पाइपला जोडलेली असतात आणि १२० फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सिअसचं पाणी येईल असं धरून चालतात. वॉटर हीटर तळघरात आणि स्वयंपाकघर लांब असेल तर पाइपमधलं गार पाणी आधी मशीनमध्ये जातं. हिवाळ्यात सिंकचा गरम नळ पाणी गरम येईपर्यंत सोडायचा आणि मगच मशीन लावायचं. आमची अर्धी तक्रार एवढ्यानेच गेली.

---

सांजवेळ | ८ जानेवारी, दुपारी १:००

पानगळ, चांगलं झालं सांगितलंत. भारतातलं मशीन गीझरच्या पाण्याला जोडलं तर चालेल का, हे माझ्या बहिणीने कालच विचारलं.

---

जुनाफ्यूज | ८ जानेवारी, दुपारी ३:२०

पुस्तिकेत ६० अंशांपर्यंतचं पाणी चालेल असं लिहिलं असेल तर जोडता येतं. पण पहिलं धुणं गार पाण्यानेच चांगलं. दूध-अंड्याचं खरकटं एकदम गरम पाण्याने भांड्याला घट्ट बसतं, आणि टॅब्लेटमधली एन्झाइम्स पाणी हळूहळू तापत असताना उत्तम काम करतात. शिवाय बिघाड झाकला जातो. हीटर मेलेला असूनही भांडी बरी निघतात आणि मूळ रोग तसाच राहतो.

---

सांजवेळ | ९ जानेवारी, सकाळी ११:३०

आज शुक्रवार, मुलाला सुट्टी होती. दोघांनी मिळून मशीन ओट्याखालून बाहेर ओढलं. आकडे:

हीटरच्या दोन टोकांत २६.८ ओहम. दोन्ही टोकं आणि बॉडीमध्ये काहीच नाही, मीटर हलत नाही.

सेन्सर खोलीच्या तापमानाला ११.४ किलोओहम. तळात कढत पाणी ओतल्यावर उतरत उतरत ३.६ वर आला. पाणी निवत गेलं तसा पुन्हा चढला.

हीटरच्या जाड वायरी बोर्डाकडच्या कनेक्टरपर्यंत मोजल्या, दोन्ही अखंड. कनेक्टर कुठे जळल्यासारखा दिसत नाही. मग सर्व्हिसवाला बरोबरच होता का? बोर्डच ना?

---

जुनाफ्यूज | ९ जानेवारी, दुपारी १२:१०

दिशा बरोबर होती. पण "बोर्ड गेला" आणि "बोर्डावरचा एक सांधा गेला" यांत तुमच्या कोटेशनएवढं अंतर आहे. पडदा उजळतोय, पंप चालतोय, व्हॉल्व्ह उघडतोय, म्हणजे बोर्डाचा मेंदू आणि पॉवर सप्लाय शाबूत आहेत. हीटरचा रिले तेवढा बघा. काळ्या किंवा निळ्या रंगाची ठोकळ्यासारखी डबी, अंगावर १६ ए, २५० व्ही असं काहीतरी छापलेलं. त्याच्याकडून जाड तांब्याची पट्टी हीटरच्या कनेक्टरकडे जाते.

बोर्ड काढा, उलटा करा, उजेडात भिंगाने रिलेच्या जाड पिना बघा. पिनेभोवती सोल्डरच्या डागात केसासारखी गोल चीर, किंवा आजूबाजूचा बोर्ड तपकिरी पडलेला. सोल्डर तापतो, निवतो, फुगतो, आक्रसतो, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की पिनेपासून सुटतो. हीटरचा करंट पावणेनऊ अँपिअर. सांध्यात नुसता पाव ओहम रोध आला तरी त्या टोकावर एकोणीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग गनच्या टोकाला असते तेवढी. मग सांधा स्वतःलाच जाळत जातो.

आणि हो, झुरळं बघा. बोर्ड उबदार असतो, स्वयंपाकघरात असतो, त्यांना यापेक्षा चांगली जागा मिळत नाही. त्यांच्या विष्ठेने पट्ट्या गंजलेल्या मी पुष्कळ बघितल्या आहेत.

---

सांजवेळ | ९ जानेवारी, दुपारी २:४५

काका, तुम्ही इथे उभं राहून सांगताय असं वाटलं. झुरळं नाहीत. रिलेच्या एका जाड पिनेभोवती पूर्ण गोल चीर आहे आणि बाजूचा बोर्ड चहाच्या रंगाचा झालाय. मुलाने पीन हलकेच दाबली तर हलते. रिलेवर १२ व्हीडीसी, १६ ए लिहिलंय. त्यालाच डाग देऊन भागेल, की रिले बदलावा?

---

जुनाफ्यूज | ९ जानेवारी, दुपारी ३:३०

बदला. सांधा ठिणग्या टाकत होता, त्याची धग रिलेच्या आतपर्यंत गेलेली असते. नवा रिले घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: कॉइल १२ व्होल्ट डीसी, संपर्क किमान १६ अँपिअर २५० व्होल्ट एसी, आणि पिनांची मांडणी तंतोतंत. जुना रिले काढून सोबत न्या.

बोर्डावर ओलाव्यापासून बचावाचा पारदर्शक लेप असतो, डाग द्यायच्या जागी तो खरवडून काढा. पातळ २५ वॅटची सोल्डर गन या जाड पट्टीला पुरणार नाही, ६० वॅटची घ्या. जुना सोल्डर पंपाने पूर्ण ओढून काढायचा, फ्लक्स लावायचा, ६०-४० किंवा ६३-३७ चा नवा सोल्डर. पट्टी बोर्डापासून उचलली गेली असेल तर पिनेपासून पट्टीच्या शाबूत भागापर्यंत जाड तांब्याच्या तारेचा जोड द्या. शेवटी लेप पुन्हा मारा, त्याशिवाय बोर्ड परत बसवू नका. डिशवॉशरच्या आत वाफ असते.

---

तापीकाठ | ९ जानेवारी, दुपारी ४:१५

सर्व्हिसच्या मुलांच्या बाजूने एक सांगतो, माझा भाऊ त्याच कामात आहे. दिवसाला ठरावीक कॉल संपवायचे असतात. कंपनी सुटा रिले देत नाही, बोर्डच देते. सोल्डर गन घेऊन ग्राहकाच्या घरी बोर्ड दुरुस्त केला आणि पुढे काही झालं तर जबाबदारी त्याच्यावर. तो खोटं बोलत नाही, त्याच्या पेटीत तेवढाच पर्याय असतो. पण हीटर आणि सेन्सर मोजल्याशिवाय बोर्ड सांगू नये, हे मात्र खरं. त्याला पाच मिनिटं लागतात.

---

खाडीपलीकडे | ९ जानेवारी, संध्याकाळी ५:५०

ज्यांना सोल्डरिंग येत नाही त्यांनी बोर्ड काढून एसी-वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा. जवळजवळ प्रत्येक शहरात असे कारागीर आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. "हीटरचा रिले आणि त्याचे सांधे" एवढंच सांगायचं.

---

सांजवेळ | १० जानेवारी, रात्री ८:३०

रिले तापकीर गल्लीत मिळाला. किंमत दोन प्लेट मिसळीहून कमी. मुलाने कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारून, आधी एका भंगार बोर्डावर हात बसवून मग आपला बोर्ड केला. पट्टी एका बाजूने उचललीच होती, तांब्याच्या तारेचा जोड दिला.

इंटेन्सिव्ह लावला. मीटर: मिनिटाला १०९. साधारण २०४० वॅट. दिवा नुसता थरथरत होता, वर येऊन सांगताना मुलाला धाप लागली होती. अर्ध्या तासाने दार उघडलं, पाणी ६६ अंश. रात्री बारीक किसलेल्या लसणीची, तेलाने माखलेली कढई मुद्दाम ठेवली होती, तीसुद्धा स्वच्छ. टॅब्लेटचा मागमूस नाही.

जुनाफ्यूज काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

जुनाफ्यूज | १० जानेवारी, रात्री ९:००

आभार मुलाच्या हातांचे माना. भंगार बोर्डावर आधी सराव केला हे फार आवडलं.

दोन कामं राहिली. पंधरा दिवसांनी एकदा बोर्ड काढून तो सांधा बघा, रंग बदलतोय का. आणि सॉकेट तपासा. १६ अँपिअरचंच हवं, एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. तासभर चालल्यावर प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला. प्लगच्या पिना सैल असल्या की तिथेही तोच रोग होतो जो रिलेच्या पिनेला झाला.

---

नीरक्षीर | ११ जानेवारी, सकाळी १०:२०

आता पाणी तापायला लागलंय तर साचलेले क्षारही काढून घ्या. रिकाम्या मशीनच्या तळात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, घालून ४५-५० अंशांचा प्रोग्राम. ७० चा लावू नका. क्षारांपासून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट जास्त गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पुन्हा साचतं. त्याच वेळी ब्लीच किंवा फिनेलसारखं काहीही घालू नका, ब्लीच आणि आम्ल मिळून विषारी क्लोरीन वायू होतो.

---

वडाचापार | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

धागा वाचून माझी अडचण मांडतो. साताऱ्याला असतो. आमचं मशीन पाणी तापवतं, पण मुख्य धुणं सुरू झालं की थोड्या वेळात घराचा मेन उडतो. इको लावला तरी तेच. नुसत्या गार रिन्सला काही होत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो एमसीबी मोठा टाकू.

---

जुनाफ्यूज | ११ जानेवारी, दुपारी १:१५

एमसीबी मोठा टाकू देऊ नका. आधी कुठला स्विच खाली पडतो ते बघा. "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण ज्याच्यावर असतं तो आरसीसीबी. तो पडत असेल तर करंट जास्त झाला म्हणून नाही, तर तो अर्थमधून गळतोय म्हणून पडतो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तो उडायलाच हवा, त्याच्यामुळे माणसं वाचतात. कोणी त्याला बायपास करू म्हणालं तर त्या माणसाला घरात पुन्हा बोलावू नका.

गार असताना ठीक आणि तापल्यावर पडतो, म्हणजे हीटरच्या आवरणाला चीर गेली असावी. तापल्यावर ती उघडते आणि पाणी आत शिरतं. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही, त्याची बॅटरी नऊ व्होल्टची. इलेक्ट्रिशियनला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणारा मीटर, घेऊन बोलवा. हीटरच्या वायरी बोर्डापासून सोडवून घ्यायच्या आणि हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टला मोजायचं. एक मेगाओहमच्या खाली आला तर हीटर बाद. तोवर मशीन प्लग काढून ठेवा, आणि घरात अर्थिंग खरोखर आहे का तेही त्याच फेरीत तपासून घ्या.

---

वडाचापार | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

आरसीसीबीच पडत होता. मेगरवर ०.०४ मेगाओहम आला, इलेक्ट्रिशियननेच मान हलवली. हीटर पंपासकट बदलावा लागणार, ऑर्डर दिली आहे. अर्थिंगची वायर सॉकेटमागे सैल होती, ती आजच घट्ट करून घेतली. सध्या भांडी हाताने.